चेन सटकतेय? पाना उचलायच्या आधी पायडलच्या फेऱ्या मोजा

चढाच्या नेमक्या अवघड टप्प्यावर सीटवरून उठावं, सगळं वजन उजव्या पायावर टाकावं आणि खालून ‘टक्’ व्हावं. पायडल क्षणभर पोकळ होतं, पाय खाली धसतो, गुडघा हँडलवर आपटतो. पडलात तर खरचटतं. नाही पडलात तरी पुढच्या चढावर जोर लावायची धास्ती बसते. मग बहुतेक जण घरी येऊन गिअरचा स्क्रू पिळत बसतात.

मीही तेच केलं होतं. चेन नवी कोरी टाकलेली, त्यामुळे तिच्यावर संशय घ्यायचं कारणच दिसत नव्हतं. दोन संध्याकाळी मागच्या डिरेलरची, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेची, केबल कधी ताणली, कधी सैल सोडली. तिसऱ्या दिवशी आधी नीट पडणारे गिअरही अडखळायला लागले आणि चेन सटकायची ती सटकतच राहिली. दोष केबलचा नव्हताच. जुन्या चेनसोबत झिजलेल्या, मागच्या चाकावरच्या मधल्या तीन दातेरी चकत्या नव्या चेनला धरत नव्हत्या. हे कळायला दहा मिनिटांची एक चक्कर पुरली असती. मात्र त्या चकरेत मोजायला हवं होतं.

सटकण्याला लय असते आणि ती लय दोष कुठे आहे ते सांगते. म्हणून पाने-पकडी पेटीतच राहू द्या.

दहा मिनिटांची चक्कर

रहदारी नसलेला, हलका चढ असलेला रस्ता निवडा. सीटवर बसूनच चालवा, उभं राहून जोर मारू नका. सटकणारी सायकल मुद्दाम सटकवून बघताना दात पाडून घेणारे लोक आहेत. एका गिअरमध्ये वीस-तीस फेऱ्या पायडल मारा, जोर हळूहळू वाढवा, मग पुढचा गिअर. कागदावर किंवा मनात चार गोष्टी टिपा: मागच्या कोणत्या चकतीवर सटकते, जोर लावल्यावरच सटकते की रिकामं फिरवतानाही, ठरावीक अंतराने होतं की केव्हाही, आणि सटकल्यावर चेन त्याच चकतीवर राहते की शेजारच्या चकतीवर जाते.

आता फेऱ्यांचा हिशेब. समजा चेनमध्ये ११६ कड्या आहेत आणि पुढच्या चेनरिंगला, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चकतीला, ३२ दाते आहेत. पायडलच्या एका फेरीत ३२ कड्या पुढे सरकतात, म्हणजे पूर्ण चेन एकदा फिरून यायला ११६ भागिले ३२, साधारण ३.६ फेऱ्या लागतात. धक्का दर साडेतीन-पावणेचार फेऱ्यांनी बसत असेल तर दोष चेनमधल्या एखाद्या कडीत आहे. पायडलच्या प्रत्येक फेरीला, तेही पायडल त्याच जागी असताना धक्का बसत असेल तर पुढची चेनरिंग बघा, दाता वाकलेला असू शकतो. एका फेरीत दोन-तीनदा नियमित टकटक होत असेल तर मागच्या त्या चकतीचा एखादा दाता तुटलाय किंवा वाकलाय, कारण १६ दात्यांची चकती ३२ दात्यांच्या चेनरिंगमागे दोनदा फिरते.

ठरावीक अंतर सापडत नाही, फक्त जोर लावला की ठरलेल्या दोन-तीन चकत्यांवरच सटकते? झीज. जोर असो-नसो, जवळपास सगळ्याच गिअरमध्ये खडखड होते आणि चेन शेजारच्या चकतीवर चढू पाहते? गिअरची जुळणी बिघडलीय किंवा हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला लावलेला असतो तो तुकडा, वाकलाय. आणि कोणत्याही गिअरमध्ये, आगाऊ सूचना न देता, पायडल चांगलं पाव फेरीभर पोकळ जात असेल तर चेनचा काही संबंधच नसेल. तो फ्रीहबचा, म्हणजे पायडल थांबवल्यावर मागचं चाक मोकळं फिरू देणाऱ्या भागाचा, प्रकार आहे आणि तो या सगळ्यांत धोकादायक.

आधी फुकटातल्या गोष्टी

मागचं चाक फ्रेममध्ये पूर्ण बसलंय का पाहा. एक्सल सोडा, चाक दाबून बसवा, पुन्हा घट्ट करा. चाक एका बाजूने दोन मिलिमीटर वर राहिलं तरी सगळ्या चकत्या डिरेलरच्या तुलनेत तिरक्या होतात.

मग कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा गठ्ठा, हाताने धरून डावी-उजवीकडे हलवा. चकत्या एकमेकींवर खुळखुळत असतील तर लॉकरिंग, म्हणजे गठ्ठा जागी धरून ठेवणारी बाहेरची रिंग, सैल आहे. ती साधारण ४० न्यूटन-मीटरला घट्ट करायची असते. हाताला हा जोर बराच वाटतो, घाबरू नका. पूर्ण घट्ट करूनही गठ्ठा हलतोय? मग आतली एखादी पातळ चकती, म्हणजे स्पेसर, कुणीतरी परत बसवायला विसरलंय.

आणि धुवा. चिखल, गवताच्या काड्या, तेलात मळलेली माती चकत्यांच्या मधल्या फटीत दाबून बसली की चेन दात्याच्या बुडापर्यंत पोचत नाही, वरच्या वर तरंगते आणि जोर पडला की उडी मारते. पातळ स्क्रू ड्रायव्हरने किंवा जुन्या टूथब्रशने फटी मोकळ्या करा. निम्म्या वेळा गोष्ट इथेच संपत नाही, पण पुढच्या तपासणीत डोळ्यांना खरं दिसायला लागतं.

चेन मोजणे

चेन ‘वाढते’ असं आपण म्हणतो. पोलाद काही रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि ती जिच्यात फिरते ती आतल्या पट्टीची कडा, दोन्ही घासतात आणि त्यांच्यामधली फट वाढते. एका कडीत ही वाढ केसाच्या जाडीइतकी असते. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच असतं. अर्धा टक्का झीज म्हणजे त्यात जेमतेम ०.०६ मिलिमीटरची भर. पण ११६ कड्या मिळून चेन सात मिलिमीटरहून जास्त लांब होते. दात्यांमधलं अंतर मात्र तेवढंच राहतं. मग रोलर, म्हणजे कडीतली दात्यांमध्ये बसणारी छोटी नळी, खोबणीच्या बुडाशी बसायचा सोडून दात्याच्या उतारावर वर सरकतो, आणि दाते तिथे घासून घासून त्याच्यासाठी नवीन, उथळ जागा बनवतात.

मोजायला चेन-चेकर मिळाला तर उत्तम. त्यातही रोलर एकाच बाजूला ढकलून मोजणारा तीन टेकूंचा चेकर घ्या. साध्या चेकरमध्ये रोलरचा ढिलेपणाही मोजला जातो आणि चेन आहे त्यापेक्षा जास्त झिजलेली दिसते. चेकर नसेल तर पोलादी पट्टी चालते, प्लॅस्टिकची नको. पायडल हलकेच दाबून चेनचा वरचा भाग ताणून धरा. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा आणि पुढे २४ अर्ध्या इंचांनी, म्हणजे १२ इंचांवर येणारी पिन पाहा. नव्या चेनमध्ये तिचा मध्य बरोबर ३०४.८ मिलिमीटरवर येतो. ३०६.३ वर आला तर झीज ०.५ टक्के, ३०७.१ वर ०.७५ टक्के, आणि ३०८ च्या जवळ गेला तर १ टक्का.

११ आणि १२ स्पीडच्या, म्हणजे मागे तेवढ्या चकत्या असलेल्या सायकलींच्या, चेन ०.५ टक्क्यालाच बदला. ८ ते १० स्पीडच्या ०.७५ पर्यंत चालतात. १ टक्का ओलांडलेल्या चेनने कॅसेटचं काय केलं असेल ते पुढच्या तपासणीत दिसेलच. चेनवर दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजा, सगळी चेन सारखी झिजते असं नाही.

चेनवर जोर तरी किती येतो? ७० किलोचा माणूस १७० मिलिमीटरच्या क्रँकवर (पायडल ज्याला लावलेलं असतं तो दांडा), पायडल आडवं असताना, पूर्ण वजनाने उभा राहिला तर ३२ दात्यांच्या चेनरिंगवर चेनला बसणारा ताण १८० किलोच्या आसपास जातो. क्रँकचा दांडा चेनरिंगच्या त्रिज्येच्या अडीचपट लांब, म्हणून ताणही अडीचपट. हा सगळा भार मागे ११ दात्यांच्या चकतीवर गेला तर त्या क्षणी चेनमध्ये गुंतलेले दाते पाच-सहाच असतात. लहान चकत्या आधी सटकतात त्या यामुळे.

चकत्या: डोळ्यांवर फार विश्वास ठेवू नका

झिजलेला दाता शार्कच्या पंखासारखा एका बाजूला कललेला दिसतो असं वाचून लोक कॅसेटकडे बघतात, आणि दोन्हीकडून चुकतात. एक तर नव्या कॅसेटवरही काही दाते मुद्दाम आखूड, तिरके, कापलेले असतात, चेन एका चकतीवरून दुसरीवर सहज चढावी म्हणून. नवखा माणूस ते पाहून ‘गेली कॅसेट’ म्हणतो. दुसरं, नव्या चेनला सटकवण्याइतकी झीज दात्यावर आलेली असली तरी बहुतेक वेळा डोळ्यांना काहीच कळत नाही. माझ्या त्या तीन चकत्या मला अगदी धडधाकट दिसल्या होत्या.

खात्रीची परीक्षा नवी चेनच घेते. जुनी चेन आणि जुनी कॅसेट एकमेकींशी जुळवून झिजलेल्या असतात, म्हणून त्यांची जोडी गुण्यागोविंदाने चालते. नवी चेन टाकल्याबरोबर ज्या चकत्या सटकायला लागतात त्या संपलेल्या. दोन-तीनशे किलोमीटर चालवलं की नवी चेन ‘बसेल’ असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. किंचित सटकणं कधीकधी खरंच थांबतं. पण तोवर नव्या चेनने जुन्या दात्यांचं वळण घेतलेलं असतं, आणि त्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये तोंडावर पडायची जोखीम तुमची. मी तरी हा सल्ला आता ऐकत नाही.

चकत्या सुट्या मिळत असतील तर तेवढ्याच बदला. बऱ्याच कॅसेटमध्ये मोठ्या चकत्या एका सांगाड्यावर पक्क्या असतात आणि लहान दोन-चार सुट्या निघतात. तुमची नेमकी मधली चकती त्या सांगाड्यावर असेल तर पूर्ण कॅसेटला इलाज नाही.

आखडलेली कडी

साडेतीन फेऱ्यांनी येणारा धक्का असेल तर कॅसेट-डिरेलर विसरा. सायकल स्टँडवर लावा, नाहीतर कुणाला तरी सीट धरून मागचं चाक उचलायला सांगा. पायडल उलटं, अगदी हळू फिरवा आणि नजर डिरेलरच्या खालच्या छोट्या चाकावर ठेवा. तिथे चेन सगळ्यात जास्त वळते. निरोगी कडी वळून निघून जाते. आखडलेली कडी सरळ न होता तशीच कोपरासारखी वाकून वर येते आणि डिरेलरचा पिंजरा, म्हणजे छोट्या चाकांची चौकट, त्या क्षणी पुढे झटका खातो. एकदा दिसली की पुन्हा पुन्हा दिसते.

ती कडी बोटांत धरा. पिन बाजूच्या पट्टीतून एका बाजूला जास्त बाहेर आलेली आहे का, नखाने चाचपून पाहा. नसेल तर तेलाचा थेंब सोडा, कडीच्या दोन्ही बाजूंना दोन्ही हातांचे अंगठे लावा आणि चेन आडवी, म्हणजे ती एरवी वळत नाही त्या दिशेने, हलकेच मागे-पुढे वाकवा. दोन-चार वेळात पट्ट्या किंचित सैल होतात आणि कडी मोकळी होते. जोर करू नका, बाजूने पिळलेली चेन तुटायच्या मार्गावर असते. पिन बाहेर आली असेल तर चेन टूलने ती आत सरकवा, पण अशी चेन फक्त घरी पोचण्यापुरती धरा. ११-१२ स्पीडच्या पातळ चेनमध्ये एकदा हललेल्या पिनवर भरवसा ठेवता येत नाही.

आखडलेली कडी बहुतेकदा चेन जोडलेल्या जागीच सापडते. क्विक लिंक, म्हणजे चेनची टोकं जोडणारी उघडता येणारी कडी, असेल तर ती त्याच स्पीडची आहे का पाहा. ९ स्पीडची लिंक ११ च्या चेनवर बसल्यासारखी वाटते, पण ती बाहेरून जाड असते आणि शेजारच्या चकतीला घासते. ११-१२ स्पीडच्या लिंक एकदा उघडल्या की पुन्हा वापरू नका असं बहुतेक कंपन्या सांगतात. सॅडलखालच्या पिशवीत एक जादा लिंक टाकून ठेवा, वजनाला काहीच नाही.

वंगण न घालता महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या सायकलची एक सोडून दहा कड्या आखडलेल्या निघतात. तिथे एकेक कडी मोकळी करत बसू नका. चेन बदला.

हँगर आधी, केबल नंतर

बऱ्याच सायकलींवर डिरेलर फ्रेमला थेट लावलेला नसतो, मध्ये ॲल्युमिनियमचा एक छोटा तुकडा असतो. तो हँगर. सायकल उजव्या बाजूला पडली किंवा डिरेलर दगडावर आपटला की फ्रेमऐवजी हा तुकडा वाकावा म्हणून तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. तो आपलं काम इमानदारीने करतो, नुसती भिंतीला टेकवलेली सायकल घसरली तरी वाकतो.

सायकलच्या मागे, चकत्यांच्या सरळ रेषेत उकिडवे बसा. चेन मधल्या चकतीवर ठेवा. डिरेलरची दोन छोटी चाकं आणि ती चकती एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. खालचं चाक आत, मागच्या चाकाच्या तारांकडे वळलेलं दिसलं तर हँगर वाकलाय. ही नजरेची तपासणी ढोबळ आहे. नेमकं मोजायला हँगरमध्ये बसणारा लांब दांड्याचा मोजमापी पाना लागतो. चाकाच्या रिमपासून त्याचं अंतर चारही बाजूंना ३-४ मिलिमीटरच्या फरकात यावं लागतं. थोडा वाकलेला हँगर त्याच पान्याने सरळ होतो. जास्त वाकलेला किंवा तडा गेलेला सरळ करायच्या फंदात पडू नका. नवा घेताना जुना सोबत न्या. फ्रेमगणिक हँगरचे इतके आकार आहेत की वर्णनावरून घेतलेला हमखास चुकतो. २०१९ मध्ये सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने, त्यासाठी बनवलेल्या कोणत्याही कंपनीच्या फ्रेमला चालेल असा एकच हँगर आणला आणि नव्या माउंटन बाइकवर तो आता बराच दिसतो. तुमच्या फ्रेमला तो असेल तर नशीबवान आहात.

हँगर वाकडा असताना केबल जुळवणं म्हणजे तिरक्या भिंतीवर चित्र सरळ टांगणं. एका चकतीवर जुळतं, चार चकत्या पुढे बिघडतं.

हँगर सरळ असल्याची खात्री झाली की मग केबल. चेन सगळ्यात लहान चकतीवर आणा आणि शिफ्टर, म्हणजे हँडलवरची गिअर बदलायची कळ, शेवटपर्यंत सोडा. ‘एच’ लिहिलेल्या लिमिट स्क्रूने डिरेलरचं वरचं चाक त्या चकतीच्या बरोबर खाली आणा. केबल बोल्टपाशी सैल असेल तर हाताने ओढून घट्ट करा. आता पायडल फिरवत शिफ्टर एक क्लिक द्या. चेन दुसऱ्या चकतीवर अडखळत चढली किंवा चढलीच नाही, तर बॅरल ॲडजस्टर, म्हणजे केबलचा ताण बदलणारी हाताने फिरवायची नळी, पाव फेरी बाहेरच्या दिशेने सोडा. हल्लीच्या बहुतेक माउंटन बाइकला तो हँडलवरच्या शिफ्टरपाशी असतो. बॅरल बाहेर म्हणजे केबल ताणली, म्हणजे डिरेलर मोठ्या चकतीकडे सरकला. चेन दुसरी सोडून तिसरीला घासत असेल तर पाव फेरी आत. पाव फेरीच, एकदम दोन फेऱ्या नाहीत. मग सगळ्या गिअरमधून वर जाऊन खाली या. सगळ्यात मोठ्या चकतीवर गेल्यावर त्या टोकाची हद्द ठरवणारा ‘एल’ स्क्रू तपासा. चेन तिथून पुढे तारांमध्ये गेली तर चाक आणि डिरेलर दोन्ही जातात.

वर चढताना नीट आणि खाली उतरताना आळशी असा गिअर असेल तर ॲडजस्टर कितीही फिरवा, दुखणं दुसरीकडे आहे. केबल तिच्या नळीत अडकतेय. गंज, चिखल, किंवा नळीच्या टोकाला विसकटलेली तार. केबल आणि नळी दोन्ही बदला. एकटी केबल बदलून घाण नळीत परत ढकलण्यात अर्थ नाही.

मागच्या सस्पेन्शनच्या सायकलवर एक खोडी असते: स्टँडवर सगळं चोख, आणि खड्ड्यांतून जाताना गिअर आपोआप बदलतो. सस्पेन्शन दबल्यावर केबलची नळी ताणली जात असेल तर असं होतं. शॉकमधली हवा सोडून मागचं चाक पूर्ण वर दाबा आणि नळीला पुरेशी ढील आहे का ते बघा. डिरेलर चकत्यांपासून किती लांब राहील ते ठरवणारा बी-स्क्रूही सायकलस्वाराच्या वजनाने सस्पेन्शन दबलेलं असतानाच जुळवायचा असतो. डिरेलरचं वरचं चाक चकतीपासून फार लांब गेलं तर चेन लहान चकतीला पुरेसा वेढा घालत नाही आणि सटकते. फार जवळ आलं तर मोठ्या चकतीवर घासतं. नेमकं अंतर कंपनीगणिक वेगळं, काही डिरेलरच्या पिंजऱ्यावर त्यासाठी रेघच आखलेली असते.

फ्रीहब: चेन निर्दोष असते तेव्हा

पायडल थांबवल्यावर मागून टिकटिक येते ती फ्रीहबमधल्या छोट्या खिट्ट्यांची. मेकॅनिक त्यांना ‘कुत्रे’ म्हणतात. पायडल मारलं की त्या स्प्रिंगच्या जोराने उभ्या राहतात आणि हबच्या आतल्या दात्यांत रुततात. ग्रीस घट्ट झालं, वाळलं, त्यात माती गेली किंवा एखादी स्प्रिंग मोडली की खिट्टी आडवीच राहते. मग जोर लावला की पायडल सपशेल पोकळ जातं. चेनवर धक्का नाही, टक् आवाजही फारसा नाही.

ओळखायची युक्ती सोपी आहे. सायकलच्या बाजूला उभे राहा, मागचा ब्रेक घट्ट दाबा, क्रँक आडवा करून त्यावर हाताने वजन टाका. हे क्रँक थोडा थोडा मागे घेत दहा-बारा वेळा करा. चाक ब्रेकने जागच्या जागी असताना कॅसेट फिरली तर दोष फ्रीहबचा. कॅसेट हलली नाही आणि चेन दात्यांवर चढून पुढे सरकली तर दोष चेन-चकत्यांचा. एका चकतीवर आणि शेजारच्या तारेवर खडूची रेघ मारलीत तर फरक लगेच दिसतो.

फ्रीहब खोलता येण्यासारखा असेल तर खिट्ट्या काढून धुवा, पुसा आणि पातळ ग्रीस लावा. बेअरिंगचं जाड ग्रीस इथे विष आहे, खिट्ट्या त्यात चिकटून बसतात. काही हबमध्ये फ्रीहब खोलायचा नसतोच, अख्खा बदलतात. दुरुस्त होईपर्यंत त्या सायकलवर उभं राहून पायडल मारू नका.

पुढची चेनरिंग

पुढे सटकणं कमी होतं, पण होतं. चेनरिंगच्या सगळ्यात पुढच्या टोकाला चेन दोन बोटांनी धरा आणि पुढे ओढा. ती दात्यावरून उचलली जाऊन अर्ध्याहून जास्त दाता उघडा पडला तर चेन किंवा चेनरिंग संपली आहे. चेन मोजून नवी निघाली तर चेनरिंग.

२०१२ पासून माउंटन बाइकवर पुढे एकच चेनरिंग येऊ लागली तसे एक जाड, एक बारीक असे आलटून-पालटून दातेही आले. जाड दाता बाहेरच्या रुंद कडीत आणि बारीक दाता आतल्या अरुंद कडीत बसला पाहिजे. चेन बसवताना एक दाता इकडेतिकडे झाला तर ती वरवर तरंगते, पायडलला खडबड जाणवते आणि जोर लावला की उतरते. काढून एक कडी सरकवून पुन्हा लावायची. मिनिटभराचं काम, पण मी यासाठी तासभर डिरेलर तपासत बसलेला माणूस पाहिलाय.

चेन सटकत नाही, सरळ खाली पडते, अशी तक्रार असेल तर डिरेलरवरची क्लचची, म्हणजे चेन ताठ धरून ठेवणाऱ्या यंत्रणेची, कळ चालू आहे का बघा. चाक काढताना बंद केलेली कळ परत चालू करायची राहून जाते.

नवी चेन टाकताना

स्पीड जुळवूनच घ्या. ८ स्पीडची चेन बाहेरून साधारण ७.१ मिलिमीटर रुंद असते, १० स्पीडची ६ च्या आसपास, १२ ची सव्वापाच. रुंद चेन अरुंद कॅसेटवर शेजारच्या चकतीला टेकते आणि सतत सटकायच्या बेतात असते. लांबीसाठी जुनी चेन शेजारी ठेवून कड्या मोजा. लांबी मोजू नका, जुनी वाढलेली असते. काही चेनना दिशा असते, नाव छापलेली बाजू बाहेर ठेवायची.

तेल एकेका रोलरवर एकच थेंब. दहा मिनिटं थांबून बाहेरून कोरडं पुसा. बाहेर राहिलेलं तेल धूळ ओढतं आणि त्या धुळीचा जो लेप बनतो तो चेनला खातो.

रानात सापडलात तर

घर दहा किलोमीटर दूर आहे, चेन सटकतेय आणि सोबत फक्त मल्टी टूल आहे. सटकणारी चकती ओळखा आणि ती टाळा. मोठ्या चकत्यांवर जास्त दाते गुंततात, म्हणून झिजलेल्या चेनवरही त्या बहुधा धरून ठेवतात. बसूनच चालवा, पायडल हलकं आणि वेगात फिरवा, अवघड चढावर उतरून चाला. हँगर वाकल्यामुळे मोठ्या चकतीकडे चेन तारांत जायची भीती असेल तर ‘एल’ स्क्रू दोन फेऱ्या आत घाला म्हणजे तो गिअर पडणारच नाही. हँगर मोडलाच असेल तर डिरेलर काढा, चेन तोडून मधल्या एका चकतीवर जेवढी सरळ आणि ताठ बसेल तेवढी आखूड करा आणि क्विक लिंकने जोडा. मागे सस्पेन्शन असेल तर आधी शॉक लॉक करा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात आखूड चेन तुटेल.

फ्रीहब गेला असेल तर यातलं काहीच चालत नाही. सीट खाली करा, उतारावर बसून जा, उरलेलं अंतर ढकलत.